ट्रॅक्टरची घरच्या घरी धुलाई, चकाकी आणि मेणलेप

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. पवनी तालुक्यातील कोंढा आणि त्याच्या आसपासच्या गावांत पावसाने जोर धरला की बांध्या पाण्याने भरतात, पऱ्हे तयार होतात आणि रोवणीची लगबग सुरू होते. एके काळी या बांध्यांत चिखलणीसाठी बैलजोडी फिरत असे. आता बहुतेक ठिकाणी ते काम ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर करतात. काम लवकर होते, मजुरांचा खोळंबा टळतो आणि पावसाच्या चार दिवसांचा पुरेपूर उपयोग करून घेता येतो. यंत्राचा हा लाभ सर्वांना पटलेला आहे.

परंतु बैलाची जी निगा आपण पिढ्यान्‌पिढ्या राखत आलो, ती यंत्राच्या वाट्याला अद्याप आलेली नाही. बैल बांधीतून बाहेर आला की त्याचे पाय धुतले जातात. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे तूप-हळदीने शेकले जातात. ट्रॅक्टर मात्र चिखलाने माखलेला तसाच गोठ्याशेजारी उभा राहतो, आणि रोवणी संपेपर्यंत त्या चिखलाचे थरावर थर चढतात. आठ-दहा वर्षे चालावयाचे यंत्र चौथ्या-पाचव्या वर्षीच गंजलेले, फिकट आणि खिळखिळे दिसू लागते, त्याचे मोठे कारण हेच होय. कर्जाचे हप्ते फिटावयाचे असतात आणि मडगार्डाला मात्र भोके पडलेली असतात. विकावयास काढल्यास घेणारा प्रथम पत्रा पाहतो आणि त्यावरून किंमत पाडतो.

यंत्र धुणे, त्याला चकाकी देणे व त्यावर मेणाचा लेप चढविणे ही शहरातील मोटारमालकांची हौस आहे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ज्या यंत्राला चिखलात, खतात आणि कडक उन्हात राबावयाचे आहे, त्यालाच या तीन कामांची अधिक गरज आहे. ती अर्ध्या दिवसात, अंगणात, थोड्या खर्चात कशी करता येतील हे प्रस्तुत लेखात सांगितले आहे.

लोखंडाला काय खाते?

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि हवेतील प्राणवायू ही दोन्ही एकत्र यावी लागतात. चिखलाचा थर ही दोन्ही पुरवितो. वरून चिखल वाळलेला दिसला तरी पत्र्याला चिकटलेला आतील भाग कित्येक दिवस ओलसर राहतो. ओले पोते गुंडाळून ठेवल्याप्रमाणे तो लोखंड भिजवत ठेवतो. मडगार्डाची आतील बाजू, बॅटरीची पेटी, पाय ठेवण्याच्या पाट्या, दिव्यांच्या मागील कोपरे आणि जेथे दोन पत्रे एकावर एक जोडलेले असतात त्या फटी ही गंजाची पहिली ठिकाणे होत. भंडारा जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. म्हणजे हे चार महिने हवाही ओलीच असते.

दुसरा शत्रू रासायनिक खते हा होय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खतांची पोती वाहिली जातात, फुटलेल्या पोत्यातील खत फटींत साचते. युरिया आणि डीएपी हवेतील ओलावा शोषून घेतात. म्युरिएट ऑफ पोटॅश हे क्लोराईडयुक्त क्षार आहे. मिठाप्रमाणेच ते गंजाची गती वाढविते आणि पत्र्याला बारीक खड्डे पाडते. म्हणून खत वाहिल्यानंतर ट्रॉली केवळ झाडून ठेवू नये, त्याच दिवशी पाण्याने धुवावी.

तिसरा शत्रू ऊन. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या यंत्राचा पत्रा हवेपेक्षाही कितीतरी अधिक तापतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी रंगाचा वरचा थर जीर्ण होतो. लाल बॉनेट प्रथम फिकट, मग खडूसारखे पांढुरके दिसू लागते व हात फिरविला तर बोटांना रंग लागतो. असा जीर्ण झालेला रंग पाणी अडवू शकत नाही.

तीन कामे, तीन हेतू

धुलाई, चकाकी आणि मेणलेप ही तीन कामे पुष्कळदा एकच समजली जातात. त्यांतील भेद नीट ध्यानात घेतला म्हणजे पैसाही वाचतो व रंगही वाचतो.

धुलाई म्हणजे रंगावरील घाण काढणे. ती वारंवार करावी.

चकाकी देणे, म्हणजे पॉलिश करणे, यात रंगाचाच अत्यंत पातळ असा जीर्ण थर घासून काढला जातो. खालचा ताजा रंग उघडा पडतो म्हणून यंत्र चमकते. हे काम क्वचित करावे, कारण जे काढले ते परत येत नाही.

मेणलेप म्हणजे रंगावर एक नवा, पातळ, पाणी न धरणारा थर चढविणे. हा थर ऊन, पाणी व धूळ स्वतः सोसतो आणि झिजून जातो. रंग खाली सुरक्षित राहतो. म्हणून हे काम हंगामागणिक करावे.

थोडक्यात, पॉलिश काढते आणि मेण घालते. दरवर्षी पॉलिश करून मेण न लावणारा मनुष्य आपल्या यंत्राचा रंग हाताने संपवीत असतो.

खर्चाचा अंदाज

सध्याच्या बाजारात या कामासाठी लागणाऱ्या वस्तूंचा खर्च साधारणतः पुढीलप्रमाणे येतो. ठिकाण व दर्जा यांनुसार त्यात फरक पडेल.

१. गाडी धुण्याचा शाम्पू, ५०० मिलिलिटर: १५० ते ३०० रुपये.
२. मऊ धाग्याची कापडे, म्हणजे मायक्रोफायबर, चार नग: २०० ते ३०० रुपये.
३. रबिंग कंपाउंडची लहान डबी: १०० ते २०० रुपये.
४. मेणाचे पॉलिश, सुमारे २०० ग्रॅमची डबी: २५० ते ५०० रुपये.
५. दोन बादल्या, जुने दात घासण्याचे ब्रश, नारळाच्या काथ्याचा ब्रश, जुनी सुती धोतरे वा बनियन: घरातीलच.

एकूण खर्च सातशे ते तेराशे रुपयांच्या दरम्यान येतो. एका बादलीस शाम्पू १० ते १५ मिलिलिटर पुरतो, म्हणजे एका बाटलीत तीस-पस्तीस वेळा धुलाई होते. मेणाची डबीही अनेक वेळा पुरते. चार-पाच शेजाऱ्यांनी वा बचत गटाने मिळून हा संच घेतल्यास प्रत्येकी भार नाममात्र राहतो. ज्यांना एवढाही खर्च करावयाचा नाही त्यांनी निदान धुलाई व कोरडी पुसणी कधीही चुकवू नये. त्यास मेहनतीखेरीज काही लागत नाही.

धुण्यापूर्वीची तयारी

१. काम सकाळी लवकर किंवा सावलीत करावे. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू व पाणी लगेच वाळते आणि डाग राहतात.

२. शेतातून आलेला ट्रॅक्टर लगेच धुवू नये. इंजिन निदान अर्धा तास निवू द्यावे. तापलेल्या इंजिनावर व सायलेन्सरच्या मुळाशी गार पाणी पडल्यास ओतीव लोखंडास तडा जाण्याचा धोका असतो.

३. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालावा. एअर क्लीनरचे तोंड, अल्टरनेटर, सेल्फ आणि फ्यूजची पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकावी. डिझेल टाकीचे व इंजिन तेलाचे झाकण घट्ट आहे याची खात्री करावी.

४. इंजिनाच्या भागात पाणी वापरावयाचे असल्यास बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी आणि पुन्हा जोडताना ती शेवटी जोडावी.

५. रोटाव्हेटर वा नांगर उचललेल्या स्थितीत त्याखाली कधीही हात घालू नये. अवजार जमिनीवर टेकवावे. खालून साफ करणे आवश्यक असेल तर भक्कम लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा. ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात ठेवावी आणि मगच पात्यांना गुंडाळलेले गवत व दोऱ्या काढाव्यात.

धुलाईचा क्रम

प्रथम केवळ पाणी मारावे. चिखल कधीही कोरडा खरवडू नये. मातीतील वाळूचे कण गारगोटीचे असतात आणि गारगोटी रंगापेक्षा कितीतरी कठीण असते. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे रंगावर पॉलिश कागद फिरविण्यासारखेच आहे. या भागातील खरडी जमिनीत वाळूचे प्रमाण अधिक असल्यामुळे ओरखडे लवकर पडतात, तर कन्हार जमिनीचा चिखल चिकट असल्यामुळे तो भिजविण्यास वेळ द्यावा लागतो. वाळलेल्या चिखलावर ओली पोती दहा-पंधरा मिनिटे टाकून ठेवल्यास तो सहज सुटतो.

त्यानंतर दोन बादल्यांची पद्धत वापरावी. एका बादलीत शाम्पूचे पाणी व दुसरीत साधे पाणी घ्यावे. फडके शाम्पूच्या पाण्यात बुडवून पत्र्यावर फिरवावे, मग साध्या पाण्यात खळबळून पिळावे आणि पुन्हा शाम्पूत बुडवावे. अशाने फडक्यात अडकलेली माती पुन्हा रंगावर येत नाही. एकच बादली वापरणारा मनुष्य तीच माती यंत्रावर परत-परत घाशीत असतो.

काम नेहमी वरून खाली करावे: छत वा बॉनेट प्रथम, मग बाजू, मग मडगार्ड, शेवटी चाके व खालचा भाग. चाकांसाठी व खालच्या भागासाठी वेगळे फडके आणि काथ्याचा ब्रश ठेवावा. ते बॉनेटवर वापरू नयेत.

रेडिएटरकडे विशेष लक्ष द्यावे. मळणीनंतर त्याच्या जाळीत धानाचे तूस व धूळ भरलेली असते व त्यामुळे इंजिन तापते. पाणी पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने सोडावे. जोराच्या धारेने जाळीचे पातळ पत्रे वाकतात.

धुऊन झाल्यावर स्वच्छ पाण्याने शाम्पू पूर्ण काढून टाकावा आणि लगेच कोरड्या कापडाने पुसावे. पुष्कळ बोअरवेलचे पाणी जड असते. ते तसेच वाळू दिल्यास क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. फटींतील पाणी निथळण्यासाठी दारे व झाकणे उघडी ठेवावी. मग इंजिन सुरू करून पाच-दहा मिनिटे चालू द्यावे, ब्रेक दोन-तीन वेळा दाबून पाहावेत आणि ग्रीसच्या प्रत्येक निपलमध्ये नवे ग्रीस इतके भरावे की आतील पाणीमिश्रित जुने ग्रीस बाहेर पडेल. चिखलणीनंतर ग्रीस न भरता ट्रॅक्टर उभा करणे म्हणजे बेअरिंगमध्ये पाणी कोंडून ठेवणे होय. ज्या ट्रॅक्टरला तेलाचा एअर क्लीनर आहे, त्याच्या वाटीतील तेलात पाणी वा गाळ आला आहे काय हेही पाहावे.

धुलाईचा आणखी एक लाभ आहे आणि तो कदाचित सर्वांत मोठा आहे. चिखलाखाली काहीच दिसत नाही. स्वच्छ यंत्रावर मात्र गळणारे तेल, सैल झालेला नटबोल्ट, वेल्डिंगला गेलेला तडा, ट्रॉलीच्या जोडणीची झिजलेली पिन, टायरमध्ये रुतलेला खिळा, सर्व दृष्टीस पडते. माणसांनी भरलेली ट्रॉली रस्त्याने जात असता पिन तुटण्यापेक्षा ती अंगणात धुताना सापडणे कितीतरी बरे. माणसे ट्रॉलीत बसविणे मुळातच धोक्याचे आहे हे वेगळे सांगावयास नको.

शिवाय चाकांना लागलेल्या चिखलाबरोबर तणांचे बी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाते. भाड्याने फिरणारा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतात जाण्यापूर्वी धुतला तर ते बी मागे राहते. आपल्या शेतात येणाऱ्या यंत्राबाबत हा आग्रह धरण्याचा शेतकऱ्याला पूर्ण अधिकार आहे.

काय वापरू नये

कपडे धुण्याची पावडर, धुण्याचा सोडा आणि चुलीची राख हे सर्व अल्कधर्मी आहेत. भांडी त्यांनी लख्ख निघतात. परंतु रंगावरील मेण व रंगाची चमक दोन्ही त्यांनी जातात. राख तर खरबरीतही असते.

डिझेल किंवा रॉकेल लावून ट्रॅक्टर पुसण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. तात्पुरती चमक येते हे खरे, परंतु त्या तेलकट थरावर धूळ अधिक चिकटते, रबरी नळ्या व सील फुगून मऊ पडतात आणि आगीचा धोका राहतो. टायर काळे दिसावेत म्हणून इंजिनातील जळालेले तेल लावणेही तितकेच घातक होय. खनिज तेलाने रबर खराब होते. जळालेल्या तेलात आम्ल व धातूचे कण असतात, म्हणून अवजारांच्या पात्यांवर गंज रोखण्यासाठीही ते लावू नये. ते तेल जमिनीवर न ओतता डब्यात साठवावे आणि गॅरेजमार्फत परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाऊ द्यावे.

पाणी कोठे जाते?

बोडीच्या किंवा तलावाच्या काठी ट्रॅक्टर उभा करून तेथेच धुणे सोयीचे वाटते. परंतु त्याच बोडीत गुरे पाणी पितात, त्याच तलावात मासे वाढतात आणि त्याच पाण्यावर शेवटच्या पाण्याच्या वेळी धान तगते. डिझेल व तेल पाण्यावर पातळ तवंग धरतात आणि थोडेसे तेलही फार मोठ्या पृष्ठभागावर पसरते. फवारणीचे काम केलेल्या यंत्रावर कीटकनाशकाचा अंश असतो. त्याचे पाणी माशांना मारक ठरू शकते. म्हणून तलाव, बोडी, विहीर व हातपंप यांपासून दूर, जेथे पाणी मातीत मुरेल अशा उंचवट्याच्या जागी धुलाई करावी. फवारणीनंतरची धुलाई हातमोजे घालूनच करावी.

पाण्याची बचतही साधते. नळीतून मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी वाहते असे धरले तर अर्धा तास सोडलेली नळी ३०० ते ४५० लिटर पाणी खर्च करते. चिखल अगोदर भिजवून बादल्यांनी धुतल्यास सात-आठ बादल्या, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आत काम भागते.

गंजाचे डाग

धुलाईनंतर गंज दिसल्यास त्यावर मेण लावून तो झाकू नये; गंज आतल्या आत वाढत राहतो. तारेच्या ब्रशाने व पॉलिश कागदाने तो भाग उघडे लोखंड चमकेपर्यंत घासावा, कोरड्या फडक्याने पुसावा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा. तो पूर्ण वाळल्यावर त्याच छटेच्या इनॅमल रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. नव्या रंगावर लगेच मेण लावू नये. रंग पूर्ण कडक होण्यासाठी काही आठवडे जाऊ द्यावेत. रुपयाएवढा डाग आज घासला तर एका तासाचे काम आहे. दोन पावसाळ्यांनी तेथे पत्राच बदलावा लागतो.

चकाकी देणे

रंग निस्तेज झाला असेल तरच हे काम हाती घ्यावे. यंत्र धुतलेले, कोरडे व सावलीत असावे. रबिंग कंपाउंड बोटाच्या टोकाएवढे घेऊन ओलसर मऊ कापडाने हातभर जागेत गोल-गोल, हलक्या दाबाने घासावे आणि स्वच्छ कापडाने पुसून पाहावे. प्रथम न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहणे शहाणपणाचे. पत्र्याच्या कडा व उंचवटे यांवर रंग मुळातच पातळ असतो. तेथे दाब देऊ नये.

येथे एक खूण लक्षात ठेवावी. जुन्या ट्रॅक्टरवर बहुधा साधा एकथरी रंग असतो; घासताना कापडाला लाल वा निळा रंग लागला तर घाबरण्याचे कारण नाही, जीर्ण थर निघत आहे. परंतु अलीकडच्या मोटारगाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. तेथे कापडाला रंग लागला तर तो पारदर्शक थर संपला असे समजून तत्काळ थांबावे. मोटारीवरील रंगाचे सर्व थर मिळून साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एक-दीड पानाइतकेच जाड असतात.

मेणलेप

आपल्या तलावांतील कमळाच्या पानावर पाणी थांबत नाही, थेंब होऊन ओघळते. पानावर असलेल्या बारीक मेणकट उंचवट्यांचा तो प्रभाव आहे. यंत्रावर मेण लावण्यामागे हेच तत्त्व आहे: पाणी टिकू न देणे.

बाजारातील चांगल्या पॉलिशमध्ये पुष्कळदा कार्नोबा नावाचे मेण असते. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून ते मिळते. तेथील कोरड्या हवेत पानातील ओलावा उडू नये म्हणून झाड स्वतःच हा लेप धारण करते. या मेणाचा वितळणबिंदू ८२ ते ८६ अंश सेल्सिअस असतो. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळते आणि मेणबत्तीचे मेण बहुधा त्याहूनही कमी तापमानावर. आपल्या उन्हाळ्यात तापलेल्या बॉनेटवर मेणबत्ती किंवा नुसते मधमाश्यांचे मेण घासले तर ते का मऊ पडते व धूळ का धरते, याचा उलगडा यावरून होईल. डबी घेताना तीवर कार्नोबाचा उल्लेख आहे काय ते पाहावे.

लावण्याची रीत सोपी आहे. कोरड्या, थंड पत्र्यावर मेण अगदी पातळ पसरावे. जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसण्याचे कष्ट वाढतात. काही मिनिटांत ते धुरकट दिसू लागते. तेव्हा स्वच्छ मऊ कापडाने पुसून काढावे. मडगार्डाची आतील बाजू, बॅटरीच्या पेटीभोवतालचा रंग व दिव्यांच्या मागील कोपरे येथे ते अवश्य लावावे. लोक बॉनेट चमकवितात आणि जेथे गंज धरतो ती जागा कोरडी सोडतात, हे उलटे आहे.

स्टिअरिंग, ब्रेक व क्लचचे पेडल, पाय ठेवण्याच्या पाट्या, बसण्याची जागा आणि टायर यांना मेण लावू नये. पाय किंवा हात घसरून अपघात होईल.

लेप दोन-तीन महिने टिकतो. सतत उन्हात उभ्या असलेल्या यंत्रावर त्याहून कमी. परीक्षा सोपी आहे. बॉनेटवर पाणी शिंपडावे. गोल थेंब झाले तर मेण आहे. पाणी सपाट पसरले तर लेपाची वेळ झाली.

अवजारांसाठी घरचे मेण

कुदळ, फावडे, विळा यांच्या मुठी व लोखंडी भाग यांसाठी मेण घरी करता येते. जवस हे आपल्या भागातील परिचयाचे पीक आहे आणि जवसाच्या तेलाचा हवेत वाळून पडदा धरण्याचा गुण रंगाच्या धंद्यात जुना आहे. रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल तीन भाग व मधमाश्यांचे मेण एक भाग घ्यावे. पातेल्यात पाणी तापवून त्यात दुसरे भांडे ठेवून मेण वितळवावे. प्रत्यक्ष जाळावर ठेवू नये. तेल मिसळून निवू द्यावे. हे मलम अवजारावर पातळ चोळून तासाभराने पुसावे. मोटारीच्या वा ट्रॅक्टरच्या रंगावर ते लावू नये, ते चिकट राहते. नांगराचे फाळ व रोटाव्हेटरची पाती यांना हंगाम संपल्यावर नव्या ग्रीसचा पातळ हात पुरेसा आहे.

एक सावधगिरी अवश्य पाळावी. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा वाळताना आपोआप तापतो व पेट घेऊ शकतो. काम संपताच चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात. तणसाच्या ढिगाजवळ त्या टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

मोटारगाडी व मोटारसायकल

ज्यांच्या घरी मोटार वा मोटारसायकल आहे त्यांनी हीच रीत वापरावी. मोटारीच्या दिव्यांवरील प्लॅस्टिक पिवळे पडले असल्यास दंतमंजनाच्या पेस्टने हलके घासून ते बरेच स्वच्छ होते, परंतु हा उपाय तात्पुरता आहे. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक रंगावर वाळू देऊ नये. ओले फडके काही मिनिटे ठेवून तो उचलून घ्यावा. मोटारसायकलच्या ब्रेकवर शाम्पू, मेण वा तेल जाऊ देऊ नये आणि साखळी धुतल्यावर तिला पुन्हा वंगण द्यावे.

वर्षाचे वेळापत्रक

मृग लागण्यापूर्वी: पूर्ण धुलाई, गंजाचे डाग दुरुस्त करणे व मेणलेप. पावसाळ्यात जे संरक्षण हवे ते या वेळी चढविले पाहिजे.

रोवणीच्या दिवसांत: रोज संध्याकाळी चिखल वाळण्यापूर्वी साध्या पाण्याने धुणे व ग्रीस भरणे. अर्धा तास पुरे.

पोळ्याच्या सुमारास: रोवणी आटोपलेली असते. पूर्ण धुलाई, तपासणी व मेणलेप. बैलाला जसा या सणाला मान, तसाच त्याचा भार वाहणाऱ्या यंत्रालाही असावा.

मळणीनंतर: रेडिएटर व एअर क्लीनर साफ करणे, धुलाई, आवश्यक असल्यासच पॉलिश, मग मेणलेप. जेथे कालव्याचे वा विहिरीचे पाणी आहे व उन्हाळी धान घेतले जाते, तेथे चिखलणीचा हंगाम वर्षातून दोनदा येतो. रोवणीच्या दिवसांतील सूचना तेथे दोन्ही वेळा पाळाव्यात.

वर्षभर यंत्र छपराखाली ठेवावे. पक्के शेड नसेल तर तणसाचे छप्परही चालेल. ताडपत्री मात्र पत्र्याला घट्ट लपेटू नये, आतील ओलावा कोंडतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या विषयावर व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाचा उपयोग अधिक होतो. गावातील एखादा फिकट पडलेला ट्रॅक्टर निवडावा व मालकाच्या संमतीने त्याच्या बॉनेटचा डावा अर्धा भाग केवळ धुवावा आणि उजवा अर्धा भाग धुऊन, पॉलिश करून, मेण लावून द्यावा. मग दोन्ही भागांवर तांब्याभर पाणी ओतावे. एका बाजूला पाणी पसरते, दुसऱ्या बाजूला ओघळून जाते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर फार समजावून सांगावे लागत नाही. दीड-दोन महिन्यांनी त्याच मंडळींना तोच ट्रॅक्टर पुन्हा दाखवावा. ट्रॅक्टर चालविणारा मनुष्य मालकाहून वेगळा असेल तर त्याला प्रात्यक्षिकास अवश्य बोलवावे, कारण रोजची निगा त्याच्याच हातात असते. अवजारे बँक चालविणाऱ्या गटांनी यंत्र परत घेताना ते धुतलेले असावे असा नियम ठेवावा.

केंद्र शासनाचे कृषि यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू झाले आणि अनुदानाच्या साहाय्याने अनेक लहान शेतकऱ्यांना यंत्रे घेता आली. अनुदानाने यंत्र दारात येते. ते किती वर्षे दारात राहील हे मात्र निगेवर अवलंबून आहे. येत्या रोवणीत बांधीतून परतलेल्या यंत्राला दिवस मावळण्यापूर्वी दोन बादल्या पाणी मिळावे, एवढा नेम प्रत्येक ट्रॅक्टरधारकाने धरला, तर कर्ज फिटल्यानंतरही ते यंत्र त्याच्या कुटुंबासाठी अनेक हंगाम राबेल.